आडवं पडण्याचा भाव

रात्री उशिरा मैत्रिणीचा मेसेज आला. एका विमान कंपनीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता: माइल्स विकत घ्या, शंभर टक्के बोनस, आज मध्यरात्रीपर्यंत. खाली तिची एकच ओळ, ‘घेऊ का? हो की नाही तेवढंच सांग.’ ही मैत्रीण पैशाच्या बाबतीत पक्की. विम्याच्या कागदावरचा बारीक मजकूर शेवटपर्यंत वाचणारी, कर्जाचं व्याज तोंडी काढणारी. मी विचारलं, ‘कुठे जायचंय?’ तर म्हणे, ‘ते अजून ठरलं नाही गं. पण एकदा बिझनेस क्लासनं जायचंय.’ मला हसू आलं. तिला झटकन ‘नाही’ लिहावं म्हटलं, तर बोट पुढे जाईना, आणि ‘हो’ लिहायलाही धजेना. बरीच वर्षं मी या नादात आहे. माइल्स, म्हणजे विमान कंपनीच्या सदस्य-कार्यक्रमात खात्यावर साठणारे आणि तिकिटासाठी वापरता येणारे गुण, मी जमवलेत, विकतही घेतलेत, त्यांच्या जोरावर विमानात पाय ताणून झोपलेही आहे. तरी एवढ्याशा प्रश्नाला माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर नव्हतं. ‘उद्या बोलू’ म्हणून मी फोन ठेवून दिला. झोप मात्र लागेना.

खरं तर ‘आज शेवटचा दिवस’ हे त्या जाहिरातीतलं सगळ्यात कमी महत्त्वाचं वाक्य. ही ऑफर संपते आणि काही आठवड्यांनी नवं नाव घेऊन परत येते. कधी सणाचं निमित्त, कधी कार्यक्रमाचा वाढदिवस, कधी ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून ‘मिस्ट्री बोनस’, ज्यात गूढ फारसं काही नसतं. खरेदीच्या पानावर एक सरकपट्टी असते. ती उजवीकडे नेत गेलं की माइल्सचा आकडा फुगत जातो आणि एका टप्प्यापलीकडे बोनसची टक्केवारी वाढते, म्हणजे बोट आणखी उजवीकडे. बोनस ठळक अक्षरांत असतो. एक माइल नेमका केवढ्याला पडला, हा एकच उपयोगाचा आकडा बऱ्याचदा तिथे नसतो, तो आपण काढायचा. पुष्कळ कंपन्यांच्या वतीनं ही विक्री पॉइंट्स नावाची एक मध्यस्थ कंपनी करते. तिथून घेतलं की क्रेडिट कार्डाच्या हिशेबात ती ‘विमानप्रवासाची’ खरेदी धरली जात नाही, आणि प्रवासावर मिळणारा जादा फायदाही हुकतो. आणि एकदा घेतलेले माइल्स परत करता येत नाहीत. हे बारीक अक्षरात असतं, पण असतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर बोलायच्या आधी मी कागद घेतला. समजा, माइलचा छापील दर साडेतीन सेंट. शंभर टक्के बोनस म्हणजे तो पावणेदोन सेंटला पडला. समजा, दहा तासांच्या एका रात्रीच्या प्रवासाला, एका बाजूनं, बिझनेस क्लासला सत्तर हजार माइल्स लागतात. झाले १,२२५ डॉलर. वर पन्नास डॉलर कर. त्याच सीटचं रोख तिकीट ३,५०० डॉलर आहे असं धरू. मग माइल्सवाल्यांच्या जगात जो हिशेब करतात तो असा: साडेतीन हजारातून पन्नास वजा करा, सत्तर हजारांनी भागा, प्रत्येक माइलचे जवळजवळ पाच सेंट वसूल. पावणेदोनला घेतलं, पाचला खपवलं. अशा वेळी माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. पण ३,५०० डॉलर मी त्या सीटसाठी कधी मोजले असते का? मनाशी खरं बोलायचं तर नाही. फार फार तर १,२०० मोजले असते, तेही गुडघा दुखत असताना. आता तोच भागाकार या आकड्यानं करा. माइलचे १.६४ सेंट येतात. म्हणजे मी पावणेदोन सेंटाची वस्तू मला जेवढी मोलाची आहे त्यापेक्षा जास्त देऊन घेतली. सीट तीच आणि माइल्सही तेवढेच, तरी एका हिशेबात घबाड आणि दुसऱ्यात किरकोळ का होईना, तोटा. फरक एवढाच की पहिल्या हिशेबातला भाव कंपनीनं लावलेला होता.

त्याच विमानात मागच्या बाजूला इकॉनॉमीची सीट ६०० डॉलरला असेल, तर प्रश्न अजून सोपा होतो. १,२७५ वजा ६००, म्हणजे ६७५ डॉलर जास्तीचे. दहा तासांवर वाटले तर तासाला साडेसदुसष्ट डॉलर. आडवं पडण्याचा हा भाव. तो जास्त की कमी, हे मी कुणाला सांगणार नाही. पण निदान हा आकडा डोळ्यांना दिसतो. आणि कार्यक्रम जर फ्यूल सरचार्ज, म्हणजे इंधनाच्या नावाखाली वरून आकार, लावणारा असेल, तर पन्नासच्या जागी पाचशे-सहाशे डॉलरही येऊ शकतात, मग तासाचा भाव पावणेदोन पटीच्या आसपास जातो. ब्रिटिश एअरवेजचा लौकिक याच बाबतीत आहे. उलट सिंगापूर एअरलाइन्सनं २०१७ मध्ये आपल्या विमानांतल्या अवॉर्ड तिकिटांवरचा, म्हणजे माइल्सवर काढलेल्या तिकिटांवरचा, हा सरचार्ज काढून टाकला, आणि कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीच्या लाइफमाइल्स कार्यक्रमानं तो न लावण्यावरच आपलं बरंचसं गिऱ्हाईक मिळवलंय. माइल्स घेताना दर बघणारे शंभर, सरचार्ज बघणारा एखादा.

हे सगळं कागदावर ठीक. शरीराला मात्र भागाकार कळत नाही. मला ती पहिली रात्र आठवते. दरवाज्यातून आत शिरल्यावर उजवीकडे वळायची सवय झालेली, हवाई सुंदरीनं हसून डावीकडे हात केला तेव्हा मी क्षणभर मागे बघितलं, कुणाला सांगतेय म्हणून. मग तो गरम, किंचित ओला, लिंबाचा वास असलेला टॉवेल. बटण दाबल्यावर सीटच्या पोटातून आलेली मोटरची बारीक घरघर, आणि पाठीखालचा कोन हळूहळू नाहीसा होत जाणं. रजई जड होती. विमानात जड रजई असू शकते हेच मला माहीत नव्हतं. मागच्या बाजूला मी अनेक रात्री घालवल्या होत्या: खिडकीच्या गार प्लास्टिकला डोकं टेकवून, शेजाऱ्याच्या कोपराशी मूक करार करून, सकाळी सुजलेल्या पायांवर बूट चढत नाहीत म्हणून फीत सैल करत. त्या रात्री मी बूट काढून ठेवले आणि सकाळी ते सहज चढले. इतकीशी गोष्ट, पण अजून विसरलेले नाही. आणि हेही विसरलेले नाही की जेवणं झाल्यावर मधला पडदा सर्रकन ओढला गेला, तेव्हा मला थोडं बरं वाटलं आणि लगेच ते बरं वाटणं आवडलं नाही. पडद्यापलीकडे कुणाचं तरी बाळ रडत होतं. त्याच्या आईचा चेहरा मला न बघताही माहीत होता.

त्या रात्री झोप मात्र धड लागली नाही. जागं राहून सगळं वसूल करावं असं वाटत होतं.

माइल्स विकत घेता येतात, ही कल्पनाच मुळात जरा उलटी आहे. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ च्या मे महिन्यात अ‍ॅडव्हांटेज सुरू केलं तेव्हा माइल म्हणजे उडालेलं अंतर होतं. नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकाला रिकामी सीट बक्षीस. काही दिवसांत युनायटेडनं आपला कार्यक्रम आणला, आणि मग सगळ्यांनीच. पुढे बँकांनी कार्डांसाठी माइल्स कंपन्यांकडून घाऊक विकत घ्यायला सुरुवात केली आणि न उडताही माइल्स मिळू लागले. हा धंदा किती मोठा झाला होता ते २०२० मध्ये उघड झालं. विमानं जमिनीवर, रोकड आटलेली, अशा वेळी युनायटेडनं आपला माइलेजप्लस कार्यक्रम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. कार्यक्रमाचं मूल्य धरलं होतं सुमारे २२ अब्ज. त्या वेळी शेअर बाजारात अख्ख्या युनायटेडची किंमत त्याहून कमी होती. डेल्टानं स्कायमाइल्सच्या जोरावर ९ अब्ज उभे केले. विमानं, इंजिनं, वैमानिक एका पारड्यात आणि गिऱ्हाइकांच्या खात्यांतले आकडे दुसऱ्यात, तर आकड्यांचंच पारडं जड. मी ती बातमी वाचली तेव्हा माझ्या खात्यातल्या शिलकीकडे पहिल्यांदा जरा संशयानं बघितलं.

या जगात एक गोष्ट सगळे सांगतात, मीही सांगते. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या एका अभियंत्यानं एका खाद्यकंपनीची ‘लेबलं पाठवा, माइल्स मिळवा’ ही योजना बारकाईनं वाचली, पुडिंगचे १२,१५० कप उचलले, सुमारे ३,१४० डॉलर मोजले आणि साडेबारा लाख माइल्स मिळवले. लेबलं सोलायला माणसं कमी पडली तेव्हा त्यानं पुडिंग साल्व्हेशन आर्मीला देऊन टाकलं, आणि तिथल्या स्वयंसेवकांनी लेबलं काढून दिली. दानाबद्दल करसवलतही मिळाली. सांगताना प्रत्येक जण इथे हसतो. मी एकदा भागाकार केला: माइल पाव सेंटला पडला. आज पावणेदोनला ‘स्वस्त’ म्हणून जो घेतो, तो त्याच्या सातपट देतो. शिवाय त्या गोष्टीत फसलं असेल तर ती खाद्यकंपनी. विमान कंपनीनं आपले माइल्स तिला रीतसर विकलेलेच होते. विमान कंपनीला हरवल्याच्या म्हणून ज्या गोष्टी आपण मिटक्या मारत ऐकतो, त्यांत विमान कंपनी बहुधा हरलेली नसते.

कारण हे चलन तिचंच. छापते ती, विकते ती, आणि त्यात काय मिळेल तेही तीच ठरवते. डेल्टानं २०१५ मध्ये आपला अवॉर्ड चार्ट, म्हणजे कुठून कुठे जायला किती माइल्स लागतात त्याचा तक्ता, काढूनच टाकला. युनायटेडनं २०१९ च्या शेवटी तेच केलं. आता भाव मागणीप्रमाणे हलतो, आज ऐंशी हजार, उद्या दोन लाख. ज्यांचे तक्ते आहेत त्यांचंही खरं नाही. २०१६ च्या मार्चअखेरीला अलास्का एअरलाइन्सनं आपल्या तेव्हाच्या भागीदार एमिरेट्सच्या फर्स्ट क्लासचे माइल्समधले दर एका रात्रीत वाढवले, काही मार्गांवर जवळपास दुप्पट, आणि आधी एक ओळीची सूचनाही दिली नाही. अलास्काचे माइल्स विकत घेऊन एमिरेट्सच्या त्या शॉवरवाल्या केबिनची स्वप्नं बघणारे तेव्हा पुष्कळ होते. झोपताना ज्याच्या खात्यात एक सीट होती, त्याच्या खात्यात सकाळी सीटचा तुकडा होता. २०१७ मध्ये एअर बर्लिन बुडाली, पाठोपाठ तिच्या टॉपबोनस कार्यक्रमानंही दिवाळखोरी जाहीर केली, आणि माइल्स आकडे म्हणूनच उरले. शिवाय खातं ‘आपलं’ असणं हेही कंपनीच्या मर्जीवर. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सनं गिन्सबर्ग नावाच्या एका ज्यू धर्मगुरूचं सदस्यत्व रद्द केलं, कारण काय तर ते फार तक्रारी करतात. ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१४ मध्ये निकाल लागला, एकमतानं, कंपनीच्या बाजूनं. म्हणून माइल्सची साठवण म्हणजे बचत, असं कुणी म्हणालं की मला बेचैन व्हायला होतं. यावर व्याज नाही, वर झीज आहे, आणि ती कधी होईल ते कळत नाही.

मग विकत घ्यायचेच नाहीत? तसंही मला म्हणवत नाही. कारण कधी कधी सीट समोर असते. अगदी तारखेसकट, अवॉर्डमध्ये उघडी. हे ‘उघडं असणं’ हाच सगळा खेळ आहे, आणि जाहिरातीत त्याचा उच्चार नसतो. विमानात बिझनेसच्या दहा सीटा रिकाम्या दिसल्या तरी माइल्सवर एकही नसेल, असं सर्रास होतं. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात भागीदारांना बिझनेसची अवॉर्ड सीट ‘आय’ या खणातून मिळते. त्या खणात कंपनीनं काही टाकलं तर आहे, नाहीतर नाही. लुफ्थान्झा आपला फर्स्ट क्लास भागीदारांच्या माइल्सवर सोडलाच तर सोडते तो उड्डाण अगदी जवळ आल्यावर. सिंगापूर एअरलाइन्सचे सुइट्स, म्हणजे विमानातल्या बंद दाराच्या खोल्या, हवे असतील तर सिंगापूरचेच माइल्स लागतात, दुसऱ्या कुणाचे चालत नाहीत. दोघं जण एकाच विमानात, सुट्टीच्या दिवसांत, नेमक्या तारखेला जाऊ म्हणाल तर खिडकी जवळजवळ बंदच. त्यात भुताटकीच्या सीटा वेगळ्या: पडद्यावर दिसतात, बुक करायला गेलं की नाहीत. म्हणून आधी सीट शोधायची, शक्य तर दोन ठिकाणी पडताळायची, फोन करून कुणी ती थोडे दिवस राखून ठेवतं का विचारायचं, आणि मग माइल्स घ्यायचे. बहुतेकदा ते लगेच खात्यात पडतात, पण कधी दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते. तरीही क्रम हाच. माइल्स आधी आणि प्रवास नंतर, म्हणजे माप न घेता शिवून ठेवलेला झगा. अंगाला बसला तर नशीब.

एकदा रात्रीच्या विमानात शेजारच्या सीटवर एक वयस्कर गृहस्थ होते. सीट आडवी कशी करायची ते मी त्यांना दाखवलं, म्हणून गप्पा सुरू झाल्या. मुलानं तिकीट काढून दिलं म्हणाले, आणि किंमत सांगायला तो तयार नाही. मग सहज त्यांनी विचारलं, ‘तुम्हाला कितीला पडलं?’ मी आकडा सांगू लागले तर तो मलाच धड सांगता येईना. काही माइल्स कार्डाचे, काही जुन्या प्रवासांचे, काही कुठल्याशा बोनसमध्ये घेतलेले, वर कर. ते म्हणाले, ‘म्हणजे नक्की माहीत नाही.’ आणि समाधानानं रजई ओढून घेतली, बहुधा आपल्या मुलाबद्दलच्या समाधानानं. मला वाटतं, या न माहीत असण्यासाठीच आपण थोडेसे पैसे जास्त देतो. बाराशे डॉलर कार्डावरून बिझनेसच्या तिकिटाला द्यायचे म्हटलं तर हात आखडतो. लहानपणापासून आरामावर खर्च म्हणजे चैन, आणि चैन म्हणजे काहीतरी चुकल्यासारखं, हे मनात मुरलेलं. पण तेच बाराशे आधी माइल्समध्ये घातले, वर ‘बोनस’ मिळाला, चार महिन्यांनी त्या माइल्सचं तिकीट झालं, की खर्च कुठेतरी मध्येच विरघळतो. तिकिटावर किंमत असते फक्त कराची. घरी सांगतानाही आपण ‘पॉइंट्सवर गेले’ असं म्हणतो, आणि कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. माझ्या ओळखीत हाडाची काटकसर करणारी माणसं या नादात जास्त दिसतात, उधळी कमी. उधळ्यांना परवानगी लागत नाही, ते तिकीट काढून मोकळे होतात.

याला मी फसवणूक म्हणणार नाही. स्वतःला परवानगी द्यायला माणसं याहून महाग उपाय करतात. फक्त तो भाव माइलच्या दरात मिसळलेला असतो, एवढं माहीत असलेलं बरं.

मैत्रिणीला मी फोनवर हे सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की ही सीट तुझ्यासमोर आत्ता रोख बाराशेला ठेवली, माइल्स वगैरे काही नाही, तर काढशील? ती थोडं थांबून म्हणाली, ‘आईला घेऊन जायचं असेल तर काढीन. एकटीसाठी नाही.’ मग आईला कधी आणि कुठे न्यायचं त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. विमान कंपन्या बिझनेसचेही सेल लावतात, येण्याजाण्याचं तिकीट कधी कधी दोन बाजूंच्या माइल्सच्या खर्चाच्या आसपास येतं आणि त्यावर उलट माइल्स मिळतात, तेही मी सांगितलं. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय, त्याआधी की नंतर, इथे गाडी अडली. ऑफर तोवर संपली होती. आमच्या दोघींपैकी कुणीच तो विषय काढला नाही.

माझं म्हणाल तर सध्या एका कार्यक्रमात माझे सहासष्ट हजार पडून आहेत, नव्वद टक्के कार्डाचे. वसंतातल्या एका रात्रीच्या विमानात एक सीट उघडी आहे, मी दोन ठिकाणी पडताळली आहे, सरचार्ज नाही, सत्तर हजारांना मिळतेय. चार हजार कमी पडतात. आत्ता कुठलाही बोनस चालू नाही, त्यामुळे छापील साडेतीन सेंटाच्या दरानं घ्यावे लागतील: एकशे चाळीस डॉलर. दर माइलमागे बघितलं तर मी आजवर इतके महाग माइल्स कधी घेतले नसतील, आणि माइल्सवाल्यांच्या ऑनलाइन मंचावर वगैरे कुणाला सांगितलं तर हसतील. पण पडलेल्या सहासष्ट हजारांना हे चार हजार पुरे करतात, आणि करासकट दोनशेच्या आत मला ती रात्र मिळते. सेलची वाट बघितली तर सत्तर डॉलर वाचतील आणि सीट जाईल. कार्डाचा नंबर टाकून झालाय, बँकेचा ओटीपी यायचा आहे.